पेकहॅमांच्या स्वयंपाकघरातली गावसभा

फाटकाशी ‘वसाहतकालीन घर विकणे आहे’ अशी पाटी लागल्यापासून डॉर्कस पुढच्या दाराने बाहेर पडलीच नव्हती. मागून जायचं, मागून यायचं. त्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा पडायचा, बूट चिखलाने भरायचे, तरी चालेल. ती पाटी डोळ्यांसमोर नको, एवढंच तिचं म्हणणं. आणि हे तिने कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण पेकहॅमांच्या घरात मनातलं सांगायची पद्धत नाही. तिथे हवामान सांगतात.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारची न्याहारी ही घरची जुनी रीत, आई या थंडीत गेली असली तरी ती व्हायलाच हवी होती. डॉर्कस बटाटे आणायला तळघरात उतरली, तर खालच्या पायऱ्या पाण्यात. सकाळच्या उधाणाचं पाणी दगडांच्या फटींतून आत आलं होतं आणि बटाट्यांची टोपली तरंगत तरंगत घराच्या मधोमध असलेल्या दगडी चिमणीच्या, धुराड्याच्या पायाशी जाऊन टेकली होती. तिने दंताळ्याने टोपली ओढून घेतली, बटाटे पुसले आणि वर येऊन म्हणाली, “आज हवा छान आहे.”

“हो ना,” फिलोमेना म्हणाली. “आणि तुझे मोजे ओले आहेत.”

फिलोमेना थोरल्या भावाची, एलिशाची बायको. खाडीपलीकडच्या पोर्तुगीज मच्छीमारांची लेक. या घरात सून म्हणून येऊन तिला जमाना झाला होता, पण मक्याच्या पिठाच्या जॉनीकेकवरून नणंद-भावजयीचं अजून जमलं नव्हतं. डॉर्कस उकळत्या पाण्यात पीठ भिजवून ते जाड थापायची, फिलोमेना दूध घालून धिरड्यासारखे पातळ सोडायची. तव्याचे दोन भाग ठरलेले होते.

“हे खायचेत की विटा म्हणून चिमणीला लावायचेत?” फिलोमेनाने डॉर्कसच्या बाजूचा एक उलथून पाहिला.

“निदान माझ्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत नाही.”

“वाच की. तळघरात तळं असलेलं घर घेणारं कोण गिऱ्हाईक मिळतंय, तेही बघ त्यात.”

डॉर्कस हसली नाही. नुसती तव्याकडे बघत राहिली. फिलोमेनाने तिच्या हातातलं उलथणं काढून घेतलं.

“चुकलं माझं. तू बस जरा. तुझे जाडच ठेवते, काळजी करू नकोस.”

फिलोमेनाला राग येत होता तो वेगळाच. गेले दोन महिने फोनवर, जेवताना, गाडीत, एकच विषय: घराचं काय होणार. एलिशा झोपेतही त्याच्यावर बोलायचा. घराचं काय होणार हे सगळे विचारत होते, आणि डॉर्कसचं काय होणार हे कुणीच विचारत नव्हतं. जिने नवरा गेल्यावर इथे परत येऊन लेक वाढवली, शेवटपर्यंत आईचं सगळं केलं, तिला या घरात एखाद्या खांबासारखं धरून चालले होते. आणि खांबाला कोण विचारतं?

धाकटा एसा अंगणातून आत आला तो दार धाडकन लावूनच. ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन राहिलेला हा एकमेव पेकहॅम. त्याच्या मागोमाग टॅम्सिन, डॉर्कसची मुलगी, अंगाला मेंढ्यांचा वास घेऊन आली. चर्चमागच्या टेकडीवर तिने कुरण घेतलं होतं आणि तिथे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात ती एकटी राहत होती.

“एसामामा काल समुद्री चाच्यांची चूल बघायला गेला होता,” तिने जाहीर केलं. “या वयात.”

“ओहोटी होती, गेलो,” एसा म्हणाला. चाच्यांची चूल म्हणजे पार बाहेर, वाळूच्या दांड्याच्या टोकाला, फक्त मोठ्या ओहोटीत उघडा पडणारा काळ्या दगडांचा ढीग. लहानपणी तिघं भावंडं तिथे शिंपले भाजून खायची. “अजून तशीच आहे. बाकी सगळंच पाण्याखाली चाललंय.”

हे शेवटचं वाक्य त्याने एलिशाकडे बघून म्हटलं. एलिशा खिडकीशी बसून चष्मा पुसत होता. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. दाराशेजारची काळी पाटी त्याने स्वतःच्या हाताने रंगवली होती: ‘जेबेझ पेकहॅम याने १७४३ साली याच जागी बांधले.’ त्यातलं ‘याच जागी’ थोडं मोठ्या अक्षरात होतं.

“आधी न्याहारी,” एलिशा म्हणाला. “मग सभा.”

आता ही सभा म्हणजे काय ते सांगायला हवं. त्यांचे वडील वर्षानुवर्षं गावसभेचे अध्यक्ष होते, आणि जी शिस्त गावाला तीच घराला, असा त्यांचा खाक्या. कुत्रा पाळायचा की नाही यावरसुद्धा ठराव यायचा, त्याला अनुमोदन लागायचं. बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, एकमेकांना नाही. अध्यक्षाने स्वतःचं मत मांडायचं नाही. मत फक्त पेकहॅम आडनावाने जन्मलेल्या, रक्ताच्या माणसांना, आणि सगळ्यांत धाकट्याने आधी द्यायचं, म्हणजे थोरल्यांचा दाब येत नाही. वडील गेल्यावर खुर्ची एलिशाकडे आली, आणि खेकडे फोडायची लाकडी हातोडीही.

हॅम संपलं, अंडी संपली, जाड आणि पातळ दोन्ही जॉनीकेक संपले. एलिशाने हातोडी आपटली.

“सभा सुरू. ठराव?”

“माझा,” एसा म्हणाला. “विकत मागायला आलेल्या कनेटिकटच्या त्या जोडप्याला होकार कळवावा.”

“त्यांना जागा हवीय, घर नको,” डॉर्कस म्हणाली.

“अध्यक्षांना उद्देशून.”

“अध्यक्षांनी एसाला सांगावं, की ते लोक घर पाडून तिथे खांबांवर काचेचं घर बांधणार आहेत.”

“अध्यक्षांनी डॉर्कसला विचारावं, की ती मोजे का वाळत घालतेय.”

फिलोमेना कपबशा धुत होती. पाठ करूनच म्हणाली, “अध्यक्षांनी या दोघांना एकेक चमचा मध द्यावा.”

“फिलोमेना, तुला बोलायचा अधिकार नाही.”

“माहीत आहे. भांडी घासायचा आहे.”

टॅम्सिनने हात वर केला. तिचं आडनाव बापाचं, म्हणून मत नाही; पण मत नसलं तरी सूचना करता येते, एवढी पळवाट आजोबांनी ठेवली होती. “घर पाडण्यापेक्षा माझ्या टेकडीवर आणा. जागा त्या लोकांना द्या. घर उचलून नेलं तर त्यांचाही पाडायचा त्रास वाचतो, ते नाही म्हणायचे नाहीत. मी घरं हलवणाऱ्या माणसांशी बोललेय. होतं म्हणाले. तुळया सुट्या करायच्या, वर नेऊन परत जोडायच्या. चिमणी तेवढी नवी बांधावी लागेल.”

“सूचना नियमबाह्य,” एलिशा म्हणाला.

“का?”

“कारण हे घर इथलं आहे. चिमणी म्हणजेच घर, बाकी तिच्याभोवतीची लाकडं. पायापासून उपटलेलं घर म्हणजे भुसा भरलेला पक्षी, टॅम्सिन. पिसं तेवढी खरी. त्यापेक्षा पाण्यात गेलं तर इथल्या इथे, आपल्या जागी तरी जाईल.”

“आणि आत माझी बहीण असेल ती?” एसाने विचारलं.

अध्यक्षांना उद्देशून बोलायचं तो विसरला होता. एलिशाने हातोडी उचलली, पण आपटली नाही.

“तुम्हाला वाटतं मला पैसे हवेत. वाटू दे. आईला दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा घराकडे येणाऱ्या बांधावर पाणी होतं. गाडी पलीकडे थांबली. डॉर्कसने तिला होडीत घातलं आणि एकटीने वल्हवत नेलं. मी फोनवर होतो. फोन होडीत पडलेला, आणि मला नुसता वल्ह्यांचा आवाज येत होता. तो मला अजून येतो, एलिशा. तिकडे जिथे पाण्याचा थेंब नाही तिथे येतो.” तो उठला. “पुढच्या थंडीत मला तो पुन्हा ऐकायचा नाही. पाडा, विका, काहीही करा. हिला इथून काढा.”

डॉर्कस टेबलावरचे तुकडे बोटाने गोळा करत होती. एसाला हे इतके दिवस टोचत होतं, आणि आपण त्याला लोभी म्हणत होतो, या विचाराने तिला स्वतःची लाज वाटली. ते सांगायला तिने तोंड उघडलं.

“माळ्यावर,” ती म्हणाली, “तुझे गळ आहेत. घेऊन जा जाताना.”

पेकहॅमांच्या भाषेत ही माफीच होती. एसाला ती कळली. तो जिना चढून वर गेला.

माळा लहानपणापासून होता तसाच, फक्त ओलसर. हिवाळ्यातल्या वादळात छपराच्या चार फळ्या उडाल्या होत्या, आणि डॉर्कसने त्या बसवून घेईपर्यंत पाणी तुळयांवरून ओघळलं होतं. एसाने गळ शोधले. मग उगाच, जुन्या सवयीने, त्याचा हात पहिल्या तुळईच्या सांध्याकडे गेला. तिथे पटाशीने कोरलेला रोमन आकडा होता. प्रत्येक सांध्यावर असा एक. मूळ सुतारांनी लाकडं जमिनीवर बेतून घेतली तेव्हाची ही खूण, कोणतं लाकूड कशात बसतं ते कळावं म्हणून. अंधारात लपाछपी खेळताना तिघांना हे आकडे बोटांनी वाचता यायचे.

आज मात्र त्या कोरलेल्या आकड्याशेजारी आणखी एक होता. तांबडा.

पेकहॅम मोठे टापटिपीचे. दर वसंतात माळ्याला चुना फासायचा, हा नियम कुणी कधी मोडला नव्हता. थरावर थर चढत गेले होते. गळक्या पाण्याने ते पापुद्रे सुटून खाली पडले होते, आणि जिथे जिथे लाकूड उघडं झालं होतं तिथे तिथे गेरूने काढलेले ठळक आकडे दिसत होते. एसाने दुसरा सांधा पाहिला, तिसरा पाहिला. मग जिन्यातून खाली वाकला.

“एलिशा, वर ये.”

“सभा चालू आहे.”

“वर ये रे. तुझ्या कामाचं आहे.”

एलिशा वर आला तो गुडघ्यांना दोष देत. तुळईपाशी आला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. एकदा बांधलेल्या घराच्या लाकडांवर पुन्हा आकडे कशासाठी घालतात, हे त्याने शाळेतल्या मुलांना दुसऱ्यांच्या घरांवरून शिकवलं होतं. सोडवायचं असेल तर घालतात. सोडवून, दुसरीकडे नेऊन, पुन्हा त्याच क्रमाने जोडायचं असेल तर.

“चुना आपणच लावला,” तो म्हणाला. “दर वर्षी. मी स्वतः लावलाय. आजी म्हणायची, लाकडावर लाल डाग राहता कामा नये. मला वाटायचं गंज आहे.”

“म्हणजे घर दुसरीकडून आणलंय?”

एलिशा माळ्याच्या छोट्या खिडकीपाशी गेला. खिडकीतून वाळूचा दांडा दिसत होता आणि त्याच्या टोकाला नुसतं पाणी. त्याला एकेक आठवत होतं. दाराशेजारची ती पाटी, गावातली व्याख्यानं, टॅम्सिनला आत्ता ऐकवलेला तो भुसा भरलेला पक्षी. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी हलत होतं, आणि ते दुःख नव्हतं, याचं त्यालाच नवल वाटलं.

“चाच्यांच्या चुलीत,” त्याने विचारलं, “दगड कसे रचलेत? नुसता ढीग, की चौकोन?”

एसाने डोळे मिटून आठवलं. “चौकोन. मोठा. आपण तिघं त्यात पाय पसरून बसायचो.”

“ती चूलच आहे, एसा. आपलीच. जेबेझची चिमणी.” एलिशाने दांड्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. “घर तिथे बाहेर होतं. पाणी आलं, तेव्हा त्यांनी चिमणी तिथेच सोडली आणि घर घेऊन आत आले. बैल जुंपून आणलं असणार, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, जमीन कडक असताना. इथे आल्यावर नवी चिमणी बांधली.”

“म्हणजे तू म्हणतोस तो भुसा—”

“नको,” एलिशा म्हणाला. “तेवढं नको. मला ऐकू आलंय ते.”

खाली फिलोमेनाने तिघींसाठी कॉफी ओतली होती. नवऱ्याची पावलं जिन्यावर ऐकली तेव्हाच तिला काहीतरी निराळं वाटलं. एलिशा आला, पण खुर्चीत बसला नाही. टेबलावरची हातोडी उचलली आणि ती तिच्यापुढे धरली.

“अध्यक्षाला ठराव मांडता येत नाही,” तो म्हणाला. “मला मांडायचाय. खुर्ची तू घे.”

“मी? रक्ताची पेकहॅम?”

“अध्यक्षाला मत नसतंच. त्याला रक्त कशाला लागतं?”

फिलोमेनाने हात पुसले. या घरात आल्यापासून ती हातोडी तिने फक्त खेकड्यांसाठी वापरली होती. ती खुर्चीत ताठ बसली आणि नवऱ्याकडे, आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या चष्म्यावरून बघितलं.

“बोला, पेकहॅम.”

एलिशाने आधी माळ्यावरचं सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. पाटीवरचं साल बरोबर आहे, जागा चूक आहे, आणि ती चूक आपली आहे, असंही म्हणाला. टॅम्सिनच्या तोंडावर हसू फुटत होतं, ते तिने कपात लपवलं. मग एलिशा उभा राहिला, वर्गात उभा राहायचा तसा.

“ठराव असा. जागा त्या जोडप्याला विकावी. त्या पैशातून घर सोडवून टॅम्सिनच्या टेकडीवर न्यावं, तिची हरकत नसेल तर. आणि डॉर्कसने, तिची इच्छा असेल तोवर, त्या घरात राहावं.”

फिलोमेनाने खाली बघितलं, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि अध्यक्षाला ते शोभत नाही. या दोन महिन्यांत डॉर्कसचं नाव पहिल्यांदा कुणीतरी ठरावात घातलं होतं.

“हरकत नाही,” टॅम्सिन म्हणाली. “मेंढ्यांनाही विचारते.”

“अनुमोदन?”

“माझं,” एसा म्हणाला. “आधीचा माझा ठराव मागे.”

“चर्चा?”

डॉर्कस इतका वेळ टेबलाच्या कडेला हात धरून बसली होती. टेकडीवर वारा असतो. तिथून समुद्र ऐकू येत नाही. चिमणीमागची तिची खोली तीच राहील, पण चिमणी ती नसेल. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याच वेळी हेही आलं, की कोणीतरी एक पेकहॅम बाई, जिचं नाव कुणालाच माहीत नाही, अशीच त्या दांड्यावर उभी राहून आपली चूल सोडून आली होती. आणि पुढे तिने इथे भाकऱ्या भाजल्याच.

“अध्यक्षमहाशय,” ती म्हणाली, “दुरुस्ती आहे. ‘तिची इच्छा असेल तोवर’ हे काढा. ‘राहावं’ एवढंच ठेवा.”

“ठराव मांडणाऱ्याला मान्य?”

“मान्य,” एलिशा म्हणाला.

“मत. धाकट्यापासून.”

“होय,” एसा म्हणाला.

“होय,” डॉर्कस म्हणाली, आणि मग जरा मोठ्याने, “होय.”

“होय,” एलिशा म्हणाला. फिलोमेनाने हातोडी अशी आपटली की साखरेचं भांडं उडालं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा पाचही जण टेकडीवर होते. पुढच्या दाराने निघाले होते. विक्रीच्या पाटीजवळून जाताना डॉर्कसने नजर चुकवली नाही. टॅम्सिनने मेंढ्या बाजूला हाकल्या आणि कुंपणाच्या खुंट्या आणल्या. घराची मापं एलिशाला तोंडपाठ होती. तो ओरडून आकडे सांगत होता, एसा पावलं टाकत होता आणि फिलोमेना खुंट्या ठोकत होती, त्याच हातोडीने.

“तोंड दक्षिणेला,” एलिशा म्हणाला. “जुनी माणसं घराचं तोंड रस्त्याकडे नाही करायची, उन्हाकडे करायची.”

“आकडे मात्र तिसऱ्यांदा घालावे लागतील,” एसा म्हणाला. “गेरू मिळतो का अजून?”

“मी आणीन,” एलिशा म्हणाला. “आणि त्यावर चुना कुणी लावायचा नाही. तसा ठराव आणतो.”

चार कोपरे झाले. पुढच्या बाजूला दोन खुंट्या जवळजवळ ठोकल्या, ते दार. डॉर्कस गवतातून चालत त्या चौकोनात गेली. थोडी इकडे गेली, थोडी तिकडे, आणि एका जागी थांबली, जिथे तिचा तवा येणार होता. तिथून टेकडीचा उतार दिसत होता, आणि खूप खाली, वीतभर, ते घर. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिने ते कमरेवर ठेवले.

“अगं, इथली जमीन जरा उतरती आहे,” म्हणत एसा दोन कोपऱ्यांच्या मधून सरळ तिच्याकडे निघाला.

“एसा,” डॉर्कस म्हणाली, “भिंतीतून कसला येतोस? दार तिकडे आहे.”

एसा जागीच थांबला. मग मागे फिरला आणि वळसा घालून पुढे आला. टॅम्सिन आली, फिलोमेना आली, दोघी दारातून. एलिशा सगळ्यांत शेवटी राहिला. त्या दोन खुंट्यांसमोर उभा राहून त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“येऊ का आत?”

डॉर्कसने त्याच्या बुटांकडे बघितलं. टेकडीवरचा चिखल आणि मेंढ्यांचं जे काही असतं ते सगळं त्यांना लागलं होतं.

“ये,” ती म्हणाली. “पाय पुसून ये.”

थोरल्या पेकहॅमने गवतावर आधी एक बूट पुसला, मग दुसरा, आणि आत आला.